सातव्या रकान्यातलं नाव

शमू, अर्जातला सातवा रकाना मी भरला होता. तू खाली फक्त सही केलीस, तीही न वाचता, कारण कागद माझ्या हातून आला होता. त्यानंतर चार वर्षं लोक तुला खोटी माहिती लिहिणारा माणूस समजत राहिले, आणि मी त्याच लोकांत उठत-बसत राहिलो.

तुला मातीत ठेवून आज बारा दिवस झाले. तू कसा गेलास, कुठं गेलास, हे इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे. मला कब्रस्तानाच्या फाटकापाशी घडलं ते लिहायचं आहे. सगळे परत निघाले होते. वसाहतीच्या हॉलमधल्या तुझ्या जुन्या योगवर्गातल्या मल्होत्रा आंटी काठी टेकत आल्या आणि त्यांनी तुझ्या बहिणीचे, रूथचे, दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "बेटा, तेरा भाई हीरा था हीरा. बस वो फॉर्म में झूठ न लिखता, तो आज तक हमारे पास ही रहता."

आंटींनी हे प्रेमानं म्हटलं. म्हणूनच ते जास्त लागलं. रूथ राहुरीहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, डोळे सुजलेले. ती माझ्याकडे वळली. "दिलीपभाऊ, कसलं खोटं? शमूदादानं काय लिहिलं होतं?"

मी म्हणालो, "नंतर सांगतो. आधी रिक्षा बघू."

आणि मी खरंच रिक्षा बघायला गेलो. तुझ्यापासून तीस पावलांवर.

दिल्लीत करोलबागेतली आपली खोली तुला आठवत असेल. मी बार्शीचा, तू राहुरीकडचा, दोघंही कलेक्टर व्हायला आलेले. तुझं नाव शमुवेल. घरमालकाला ते कधीच म्हणता आलं नाही, तो तुला श्यामलाल म्हणायचा आणि तू ओ द्यायचास. परीक्षेनं आपल्याला जसं वापरायचं तसं वापरलं. मी खालच्या परीक्षेतून दिल्लीतच एका मंत्रालयात चिकटलो. तुझे सगळे प्रयत्न संपले. गावी जाऊन काय सांगणार म्हणून तू दोन वर्षं पुण्याला योग शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलास, मग ऋषिकेशला, आणि परत आलास तो योग शिकवणारा होऊन. मी हसलो होतो. "एवढा अभ्यास करून शेवटी डोक्यावर उभा राहिलास!" तू म्हणालास, "तू खुर्चीवर बसलास, त्याचं काय?"

त्याच खुर्चीनं माझी कंबर मोडली. फाइलींवर वाकून वाकून मला उठता येईना. तू घरी आलास, स्वयंपाकघरातली लोखंडी घडीची खुर्ची ओढलीस, माझ्याच पँटचा पट्टा काढून माझ्या मांड्यांना बांधलास आणि मला उलटं टांगल्यासारखं केलंस. मी ओरडलो. "ही कुठली विद्या? आपल्या ऋषींनी खुर्ची कुठं सांगितली होती?" तू म्हणालास, "ऋषींनी नाही, पुण्यात सांगितली. श्वास सोड, माझ्याकडं बघू नको."

'श्वास सोड, माझ्याकडं बघू नको.' हे वाक्य आढाव मास्तरांचं. ते तू मला इतक्या वेळा सांगितलंस की न पाहिलेला तो माणूस मला दिसायला लागला. मिशन शाळेतले ड्रिल मास्तर. हाफ पँट, गळ्यात शिट्टी, हातात छडी, पण ती फक्त जमिनीवर आपटायला. ते कवायत शिकले होते साहेबी पुस्तकांतून आणि नमस्कार व मल्लखांब गावच्या तालमीतून. चर्चच्या मागं एक जुना ओंडका पुरून त्यांनी तुम्हा पोरांना त्यावर चढवलं. त्यांच्या दृष्टीनं हे सगळं एकच होतं. शिट्टी एकदा वाजली की हात वर, दोनदा वाजली की कमरेतून खाली.

हे तू लपवलं नाहीस, उलट सांगत सुटायचास. हॉलमध्ये तुझा वर्ग सुरू झाला तेव्हा मीच तुला तिथं नेलं होतं. वसाहतीचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात दोष नाही. निवृत्त बाबू, त्यांच्या बायका, मल्होत्रा आंटी, सगळे सकाळी सहाला हजर. कोणीतरी हमखास विचारायचं, "मास्टरजी, ये आसन कितना पुराना है?" आणि तू तुझ्या नगरी हिंदीत सुरू व्हायचास. "बैठ के जो करते है, साँस का जो है, वो पुराना है. साधू लोगों का, मठों का. ये खड़े-खड़े जो अपन कर रहे, ये आपके दादाजी की उमर का." लोक हसायचे. मग तू सांगायचास की दक्षिणेत एका राजवाड्याच्या व्यायामशाळेत शंभरेक वर्षांपूर्वी एका गुरुजींनी मठातलं, आखाड्यातलं आणि गोऱ्यांच्या कवायतीतलं एकत्र केलं. आज जगभर घाम गाळत जे वाहते-पळते योग चालतात ते बहुतेक तिथूनच निघाले. नमस्कार मोजून घालायची शिस्त एका लहानशा मराठी संस्थानातून शाळाशाळांत गेली. बंद खोलीत हीटर लावून करतात त्या प्रकाराबद्दल तू म्हणायचास, "कलकत्त्याच्या तालमीतून अमेरिकेला गेला आणि घाम पुसत परत आला." आणि पाच-पाच मिनिटं एकाच स्थितीत सैल पडून राहायचा तो नवा प्रकार? "तो तर परदेशातच जन्मला. थोडा चिनी, थोडा आपला. पण मल्होत्रा आंटींच्या गुडघ्याला फार मानवतो. त्याचा पासपोर्ट कशाला तपासायचा?"

मी मागच्या रांगेत असायचो आणि मला कानकोंडं व्हायचं.

पानिपतहून सतरंज्या घेऊन येताना आपण यावर भांडलो. वर्गाला रबरी चटया नकोत, सुती सतरंज्या हव्यात, असा तुझा हट्ट. आठ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सतरंज्या. दुकानदारानं विचारलं, "मराठे हो? पानिपत में?" तू म्हणालास, "हाँ जी, इस बार सिर्फ दरी लेने आए." तो इतका हसला की चहा पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही. परतीच्या गाडीत जागा नव्हती, आपण गठ्ठ्यावरच बसलो.

मी म्हणालो, "शमू, लोकांची श्रद्धा असते यार. पाच हजार वर्षं म्हटलं की त्यांना बरं वाटतं. तुझं काय जातं?"

"माझा मास्तर जातो," तू म्हणालास. "त्या पाच हजार वर्षांत आढाव मास्तर कुठं बसवू? हाफ पँटवाला माणूस बसतो का त्यात?"

"अरे, पण जुनं म्हटलं की मान असतो."

"मला आईनं चालायला शिकवलं. तिला तिच्या आईनं. पण मी नाव आईचंच घेणार ना? का थेट आदमचं घेऊ?"

मी म्हणालो, तुला वाद घालायची सवयच आहे. तू म्हणालास, तुला सगळं साहेबाला आवडेल असं लिहायची सवय आहे. मग सोनिपत आलं, शेंगदाणेवाला आला आणि भांडण तिथंच राहिलं. तू बरोबर होतास. हे मी तेव्हा म्हणालो नाही.

आता त्या अर्जाचं.

अकरा वर्षं वर्ग चालल्यावर हॉलच्या कमिटीनं नियम केला: शिकवणाऱ्यांनी अर्ज भरावा, मुलाखत द्यावी. मी कमिटीचा मानद सचिव. सातवा रकाना होता: योग की शैली, उद्गम एवं गुरु-परंपरा. तू जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर अर्धं पान मराठीत लिहून आणलंस आणि म्हणालास, "दिल्या, हे तुमच्या सरकारी हिंदीत बसव. मला नाही जमत."

माझं सारं आयुष्य हेच करण्यात गेलं आहे. खालून कच्चा मसुदा येतो, मी तो वरच्यांना चालेल असा करतो. टोकदार असेल ते बोथट करतो, खासगी असेल ते काढून टाकतो आणि फेअर कॉपी पुढे सरकवतो. तीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की मसुदा जसा आला तसा गेला. तुझ्या अर्ध्या पानाचंही मी तेच केलं. लिहिलं: 'प्राचीन हठयोग. उद्गम पाँच सहस्र वर्ष पूर्व. ऋषिकेश की अखंड गुरु-शिष्य परंपरा.' आढाव मास्तर गेले. पुण्याच्या बाई गेल्या. तू दारात उभ्याउभ्या सही केलीस. मी म्हणालो, वाच तरी. तू म्हणालास, "तू लिहिलंस ना? मग काय वाचायचं."

मला मदत करायची होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. थोडं खरं आहे ते. उरलेलं खरं असं की मला लाज वाटली. तुझी नाही असं स्वतःला म्हणत होतो, पण तुझीच. मिशन शाळा, ड्रिल, शिट्टी, हाफ पँट. तुला मी आणलं होतं आणि माझ्या माणसाची वंशावळ अशी निघावी हे मला चार अधिकाऱ्यांत नको होतं.

मुलाखतीला मी टेबलाच्या कडेला मिनिट्स लिहायला बसलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, "आपके गुरु?"

"आढाव मास्टर," तू म्हणालास.

"कौन से आश्रम के?"

"आश्रम नहीं साहब. मिशन स्कूल. ड्रिल सिखाते थे."

"पर आपने तो ऋषिकेश की अखंड परंपरा लिखी है."

त्यांनी कागद तुझ्यापुढे सरकवला. तू तो पहिल्यांदा वाचलास. सावकाश, ओठ हलवत, जसा तू हिंदी वाचायचास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी पेनाचं टोपण शोधत होतो. ते माझ्या डाव्या मुठीत होतं.

"ये आपने लिखा है?"

"साइन मेरी है."

"तो सच क्या है? ये, या जो आप बोल रहे हैं?"

"जो बोल रहा हूँ."

"मतलब ये झूठ है."

"हाँ जी," तू म्हणालास. "ये झूठ है."

एक वाक्य पुरलं असतं, शमू. 'सर, ड्राफ्ट माझा आहे.' पण त्या वर्षी माझ्या बढतीची फाइल वर गेली होती. दुसऱ्याच्या अर्जात मजकूर बदलणारा अधिकारी, असं कोणी उद्या बोललं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी मान खाली घातली आणि लिहिलं, 'आवेदक द्वारा दी गई जानकारी एवं उत्तरों में विसंगति पाई गई.' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी तर फारच चांगलं आलं.

फळ्यावर नोटीस लागली. तुझा वर्ग बंद, गलत जानकारी के कारण. अकरा वर्षं ज्यांच्या कमरा तू सरळ केल्यास ते त्या नोटिशीसमोर उभे राहून म्हणाले, मास्टरजी से ये उम्मीद नहीं थी. एकानंही तुला फोन करून विचारलं नाही. त्यांना शिव्या घालायला मला आवडलं असतं, पण कुठल्या तोंडानं? नवीन शिक्षक आला, कानाला माइक लावलेला. पहिल्याच दिवशी पाच हजार वर्षांचं भाषण झालं आणि लगेच नमस्कार सुरू झाले, मोजून, आढाव मास्तर घ्यायचे तसे. तुझ्या सतरंज्या कपाटात गेल्या. किल्ली माझ्याकडे होती.

तू गाझियाबादला गेलास. एका सोसायटीच्या तळघरात, स्कूटरींच्या शेजारी, तू चौदा बायकांना शिकवायचास. आणि महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या घरी यायचास. बढती झाली तेव्हाही आलास. "अभिनंदन साहेब. कंबर कशी आहे?" माझ्या पाठीवर हात ठेवून तू मणका चाचपायचास आणि मला वाटायचं, आता विचारेल. आता. तू विचारायचा नाहीस. लोक म्हणतील, मोठ्या मनाचा होता. मला तो छळ वाटायचा. मी तुझ्यावर चिडायचो, शमू, हे ऐक. तू एकदा माझी कॉलर धरली असतीस तर मी मोकळा झालो असतो. तू मला सांभाळून घेतलंस आणि त्या सांभाळण्यात मी चार वर्षं कुजलो. तुला हे कळत होतं का? की तू मुद्दाम करत होतास? आता कोणाला विचारू?

फक्त एकदा बोललास. गेल्या हिवाळ्यात, त्या तळघरात. मी दुसऱ्यांदाच आलो होतो. चहाचा कागदी कप चुरगळत तू म्हणालास, "दिल्या, तुझा ड्राफ्ट चांगला असतो रे. फक्त त्यात माणूस राहत नाही." मी हसलो. तूही हसलास. मी म्हणणार होतो. तू म्हणालास, "चल, पाठ टेक भिंतीला. श्वास सोड, माझ्याकडं बघू नको." आणि मी तेच केलं. बघितलं नाही.

रूथ तुझी खोली आवरायला थांबली. तिनं पुन्हा विचारलं नाही. तुझ्यासारखीच आहे ती. पण शनिवारी ट्रंकेतून तिला एक शिट्टी मिळाली, पितळी, दोरी कुजलेली. मला दाखवून म्हणाली, "आढाव मास्तरांची आहे. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलानं दादाला दिली." मग ती मुठीत धरून, "दिलीपभाऊ, मी मंगळवारच्या गाडीनं जाणार. गावात सगळे विचारतील. दादा दिल्लीत खोटं बोलला, असंच सांगू ना?"

मी म्हणालो, "रविवारी सकाळी सहाला हॉलवर ये."

तुझं ते अर्धं पान माझ्याकडे होतं. मी मसुदे फेकत नाही, ही माझी एकच चांगली सवय. रविवारी मी कपाट उघडलं, आठही सतरंज्या काढल्या, झटकल्या, अंथरल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास हॉलभर झाला. रबरी चटया घेऊन आलेले लोक दारातच थबकले. अध्यक्षही आले होते, मी आदल्या दिवशी फोन केला होता. रूथ पहिल्या रांगेत बसली, शिट्टी मुठीत. मी उभा राहिलो आणि तुझं पान वाचलं. आधी हिंदीत अर्थ सांगितला, मग तुझ्याच शब्दांत.

'उभ्याची आसनं आणि नमस्कार: आढाव ड्रिल मास्तर, मिशन शाळा. त्यांनी ते कवायतीतून आणि तालमीतून घेतलं. खुर्ची, पट्टा, दोरी: पुण्याच्या बाई, दोन वर्षं. श्वास आणि बैठक: ऋषिकेशचे एक साधू, सात महिने. त्यांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाकी चुका माझ्या.'

मग म्हणालो, "ये मास्टरजी ने लिखा था. इसे हटाकर वो झूठ मैंने लिखा. उनसे साइन करवाई. और मीटिंग में मैं यहीं बैठा था, चुप."

अध्यक्ष म्हणाले, "आप लिखकर दे दीजिए, रिकॉर्ड ठीक कर देंगे." मी लिहूनच नेलं होतं. मल्होत्रा आंटी काठीवर भार देऊन उठल्या. वाटलं, मारतात की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चार साल," त्या म्हणाल्या. "चार साल मैं उसे मेट्रो में देखती थी और मुँह फेर लेती थी. अब बता रहे हो? अब मैं किससे माफी माँगूँ, मिस्टर दिलीप? आपसे?"

त्या खाली बसल्या, तुझ्या सतरंजीवर, आणि तिच्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिल्या. रूथनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ती शिट्टी पुढच्या रिकाम्या सतरंजीवर ठेवली, जिथं उभा राहून तू शिकवायचास.

हिंदीतलं बोलणं त्यांच्यासाठी होतं. तुझ्याशी मी कधी हिंदी बोललो नाही. म्हणून त्या रिकाम्या सतरंजीकडे बघून, सगळ्यांसमोर, या वेळी नजर न काढता, मी मराठीत म्हणालो: शमू, खोटं तू लिहिलं नाहीस. मी लिहिलं. आढाव मास्तरांचं नाव मी खोडलं आणि तुझंही. मला तुझी लाज वाटली, आणि मग स्वतःसाठी भीती वाटली. तू जिवंत असताना हे म्हणायचं होतं. मला माफ कर.